टाकलेलीं जनावरें आणि त्यांचे वाली

मराठींत ‘सोडणें’ आणि ‘टाकणें’ या दोन क्रियापदांत मोठें अंतर आहे. जूं उतरवून बैलाला सोडतात, सकाळीं गुरांना रानांत सोडतात, पांखराला पिंजऱ्यांतून सोडतात. त्या सोडण्यांत मोकळीक असते. गुरांच्या बाबतींत तर दिवेलागणीला तीं गोठ्याकडे परत येणार हा विश्वासहि असतो. टाकण्याला परतीची वाट नाहीं. मुंबईच्या उपनगरांत घरचें कुत्रें किंवा मांजर नकोसें झालें, म्हणजे तें गाडींत घालून गोरेगांवच्या आरे वसाहतीच्या झाडींत, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या भिंतीलगत किंवा मुलुंडच्या डोंगराच्या पायथ्याशीं ठेवून येणारा गृहस्थ घरीं मात्र सांगतो, “सोडून आलों.” हा शब्द तो मुलांच्या समाधानासाठीं वापरतो, तितकाच स्वतःच्याहि. तेथें झाडें आहेत, मोकळी हवा आहे, उंदीर-घुशी आहेत. जनावर आपलें पोट आपण भरील, अशी त्याची समजूत असते.

समजूत सोयीची आहे, पण खरी नाहीं. ज्या कुत्र्याला ठराविक वेळीं ताटलींत दूधभात मिळाला, त्याला शिकार साधत नाहीं. रस्त्यावरच्या कुत्र्यांनीं आपापल्या हद्दी वांटून घेतलेल्या असतात. त्यांत परकें कुत्रें शिरलें कीं सगळा कळप त्याच्यावर तुटून पडतो. शिवाय राष्ट्रीय उद्यान व त्याला लागून असलेली आरेची जमीन ही बिबट्यांची वस्ती. तेथील सुमारें ३५ बिबटे वर्षाकांठीं अदमासें दीड हजार कुत्रीं खात असावेत, व त्यांच्या आहाराचा जवळजवळ ४० टक्के भाग कुत्र्यांचाच असावा, असा हिशेब २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत मांडलेला आहे. यांत बिबट्याचा दोष कांहीं नाहीं. तो आपल्या रानांत आहे. त्या रानांत माणसाळलेलें जनावर कोणीं आणून ठेवलें, एवढाच प्रश्न उरतो.

हीं टाकलेलीं जनावरें उचलून आणणारीं कांहीं थोडीं माणसें अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत विखुरलेलीं आहेत. त्यांच्याविषयीं समाजांत दोन मतें ऐकूं येतात. एक मत त्यांना साधुसंत ठरवितें, दुसरें विक्षिप्त. दोन्ही मतांची सोय एकच, कीं त्यांच्या मनाची विचारपूस करण्याची गरज राहत नाहीं. संताला दुःख शिवत नाहीं असें धरून चालतात, आणि विक्षिप्ताचें दुःख कोणी मनावर घेत नाहीं.

मुंबईला भूतदयेचा विषय नवा नाहीं. या शहरांत कुत्र्यांवरून दंगल झालेली आहे. बेवारशी कुत्रीं मारण्याचा सरकारी हुकूम त्या काळीं वर्षांतील ठराविक मुदतीपुरता लागू असे, व प्रत्येक कुत्र्यामागें मारणाऱ्यास इनाम मिळे. १८३२ सालीं ही मुदत वाढविण्यांत आली, आणि इनामाच्या लोभानें धनी असलेलीं कुत्रींहि पकडलीं जाऊं लागलीं. तेव्हां त्या वर्षाच्या जून महिन्यांत पारशी मंडळी रस्त्यावर आली. हिंदु, जैन व इस्माइली व्यापारी त्यांना येऊन मिळाले, आणि बाजार बंद पडला. पुढें दोन वर्षांनीं, १८३४ मध्यें, जमशेटजी जिजीभाई व त्यांच्या सहकारी व्यापाऱ्यांच्या पुढाकारानें भुलेश्वराकडे पांजरपोळ उभी राहिली. १८७४ सालीं प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था निघाली, व त्यानंतरच्या दशकांत परळास बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय झालें. या सर्व कार्याविषयीं आदरच वाटला पाहिजे. परंतु जनावर पांजरपोळीच्या दारांत देऊन, वर चाऱ्यासाठीं चार पैसे ठेवून माघारीं फिरणाऱ्याचें मन हलकें होई. आंत राहिलेल्या जनावराला सांभाळणाऱ्या गड्याच्या मनाचें काय होत असे, तें लिहून ठेवण्यासारखें कोणाला वाटलें नसावें.

उपनगरांत हा प्रश्न आला तो कुत्र्यांच्या आधीं म्हशींच्या पावलांनीं. शहराला दूध पुरविणाऱ्या म्हशी शहरांतच तबेल्यांत बांधलेल्या असत. म्हैस भाकड झाली म्हणजे पुन्हां विण्यापर्यंत तिला पोसणें तबेलेवाल्याला परवडत नसे, आणि उत्तम दुभतीं जनावरें ऐन उमेदींत कसायाच्या दारीं जात. अशा जनावरांना वांचविण्याच्या हेतूनें घाटकोपर येथें १९२३ सालीं सार्वजनिक जीवदया खातें स्थापन झालें. पुढें १९४९ मध्यें आरेची दूध वसाहत आकारास येऊं लागली व १९५१ सालीं पंडित नेहरूंच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें. हजारों म्हशींना चांगला गोठा मिळाला. रेडकांचें कोडें मात्र सुटलें नाहीं. नर रेडकूं दूध पितें आणि देत कांहींच नाहीं. दुधाच्या धंद्यांत त्याला जागा नाहीं. जन्मल्यावर पहिल्या कांहीं तासांत जो चीक पोटांत जायला हवा, तोच पुरेसा गेलेला नसेल, तर अशा रेडकाच्या अंगांत रोगाशीं झुंजण्याचें बळच येत नाहीं. रस्त्याकडेला बसकण मारलेलें रेडकूं घरीं नेऊन रात्रभर बाटलीनें दूध पाजणाऱ्याला पहांटे त्याची मान कलंडलेली पाहावी लागते. दूध कमी पडलें म्हणून तें गेलें नाहीं, तें आणलें तेव्हांच गेलेलें होतें, हें वैद्य समजावून सांगतो. बुद्धीला तें पटतेंहि. पण हाताला त्याची ऊब आठवत राहते.

आणि एक वर्ष असें आलें कीं, त्या वर्षीं वांचवावयास कांहीं उरलेंच नव्हतें. २६ जुलै २००५ या दिवशीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. उपनगरांतील तबेल्यांत कितीतरी म्हशी दाव्याला बांधलेल्या स्थितींतच बुडाल्या. मोकळी म्हैस पाण्यांत तरते, पोहण्यांत ती माणसाला हार जाणार नाहीं. दावें होतें म्हणून ती मेली. पाणी ओसरल्यावर शवें हलविण्याचें काम दिवसेंदिवस चाललें. नंतरच्या काळांत पुराच्या आंकड्यांची पुष्कळ चर्चा झाली, तींत या दाव्यांचा उल्लेख क्वचितच येतो.

जनावराविषयींची कळकळ आणि त्याची जबाबदारी या दोन गोष्टींतील फरक महात्मा गांधींनीं १९२६ सालीं फार स्पष्टपणें मांडला होता. अहमदाबादेंतील गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनीं गिरणीच्या आवारांतील साठ मोकाट कुत्रीं मारविलीं, आणि त्यावर गांधींचें मत विचारण्यांत आलें. त्यांनीं त्या कृत्याचा सरसकट निषेध केला नाहीं, तेव्हां संतापलेल्या वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला, आणि ‘यंग इंडिया’ पत्रांत त्यांना लेखमालाच लिहावी लागली. मारण्यासंबंधीं त्यांचें म्हणणें सर्वांना पटणार नाहीं, आज तर बहुतेकांना पटणारच नाहीं. परंतु त्या लेखांतील एक मुद्दा अजून जागचा हलत नाहीं. रस्त्यावरच्या कुत्र्यापुढें भाकरीचा तुकडा टाकून पुण्य पदरीं पाडणें सोपें आहे. ज्याला दया आहे त्यानें तें कुत्रें पाळावें, नाहीं तर पाळणाऱ्या संस्थेचा भार उचलावा.

आजच्या उपनगरांत हा भार संस्थांवर आहे त्याहून अधिक घराघरांतल्या एकेकट्या माणसांवर आहे, आणि त्यांत स्त्रियांची संख्या पुष्कळ. अंधेरीस राहणारी एखादी शिक्षिका डोळ्यांसमोर आणावी. ती घरीं येऊन चहाचें आधण ठेवते न ठेवते तोंच फोन येतो. आरेच्या रस्त्यावर झाडाला बांधलेलें एक कुत्रें आहे, गळ्यांत पट्टा आहे, शेजारीं पाण्याचें भांडें ठेवलेलें आहे. सांगणारा स्वतः त्या झाडाजवळ उभा असतो, पण त्याला घरीं लौकर पोंचावयाचें असतें. तिला तेथवर जाण्यास तास लागतो. अंधार पडलेला असतो. बांधलेलें कुत्रें पळून जाण्याची धडपड करीत नसतें; गाडी ज्या दिशेनें गेली तिकडे तोंड करून तें बसलेलें असतें, आणि त्याच आवाजाची गाडी आली कीं उठून उभें राहतें. ती त्याला उचलूं लागते तेव्हां तें अंग आंखडून घेतें, प्रसंगीं चावतें. त्याच्या दृष्टीनें ती त्याची सुटका करीत नसते. धन्याची वाट पाहत बसण्याची जी एकच जागा त्याला ठाऊक आहे, तेथून ती त्याला ओढून नेत असते. पुढले कितीतरी दिवस तें दाराकडे पाहत राहतें. ज्यानें टाकलें त्याच्यावरचा राग गिळून, त्याच माणसावरचें त्या जिवाचें प्रेम रोज पाहत राहणें ही साधी गोष्ट नव्हे.

असें काम करणाऱ्या बाईचा लौकिक लौकरच पसरतो. मग घराच्या दाराबाहेर पुठ्ठ्याच्या खोक्यांत मांजरीचीं पिलें ठेवलेलीं सांपडूं लागतात. शेजारणी मोठ्या आपुलकीनें म्हणतात, “काकू, तुमच्याकडे एवढीं आहेत, एक जास्त झालें तर काय होतें?” २०२० च्या मार्चांत, पाळीव प्राण्यांमुळें कोविड पसरतो अशी अफवा उठली, तेव्हां घरचीं जनावरें बाहेर काढण्याचे प्रकार जागोजागीं घडले, व तसें करूं नये म्हणून प्राणी कल्याण मंडळाला पत्रक काढावें लागलें. टाळेबंदींत करमणूक म्हणून पुष्कळांनीं कुत्र्यांचीं पिलें विकत घेतलीं. कचेऱ्या उघडल्यावर त्यांतलीं कांहीं पुन्हां त्याच खोक्यांतून आणि त्याच झाडांखालीं आलीं.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतें, या माणसांना मरणाचें दुःख होत असेल. तें होतेंच. पण मरणाचा शोक करतां येतो. त्याला रडतां येतें, त्याची माती करतां येते. खरी जाच करणारी गोष्ट म्हणजे नकार. एका लहान घरांत तीन कुत्रीं मावतात, ओढाताण करून चार, पगार तोच, आश्रयगृहांत जागा नाहीं, रुग्णालयांत रांग आहे. म्हणून पांचव्या फोनला “नाहीं” म्हणावें लागतें. म्हणतांना आवाज शांत ठेवावा लागतो, आणि समोरचा माणूस चिडून बोलतो, “मग कसलें प्राण्यांवर प्रेम करतां तुम्ही?” हा प्रश्न विचारणाऱ्यानें स्वतः बोट उचललेलें नसतें. तरी तो लागतो. कारण तोच प्रश्न ती स्वतःला विचारीत असते. वांचलेलें जनावर डोळ्यांसमोर खातें-पितें, त्याला नांव ठेवलेलें असतें. जें आणलें नाहीं त्याला नांव नसतें; आणि रात्रीं झोंप लागत नाहीं ती त्या बिननांवाच्यामुळें.

निवड करण्याचाहि एक भार आहे. दोघांपैकीं एकाला नेण्याइतकीच सोय असेल, तर जगण्याची आशा अधिक असेल तें न्यावें हें शहाणपण. परंतु त्याचा अर्थ, जें अधिक दुःखांत आहे तें मागें ठेवावें, असाहि होतो. आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या बाबतींत तर निवडच नसते. त्या रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे त्यावर उपाय नाहीं. कालपर्यंत हातांतून बिस्किट घेणारें जनावर लाळ गाळीत भिंतीला धडका देतें. वैद्याला बोलावून त्याची यातना थांबवावी लागते, आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतः सुया टोंचून घ्याव्या लागतात. घरची माणसें त्या सुयांविषयीं रागें भरतात. त्यांचा राग भीतीपोटीं असतो व अनाठायीं नसतो. म्हणून त्याला उत्तरहि देतां येत नाहीं.

परदेशांत या क्लेशांचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ बर्नार्ड रोलिन यांनीं गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत आश्रयगृहांतल्या सेवकांविषयीं लिहिलें. जनावरांच्या प्रेमानें जो या कामांत आला, त्यालाच जागेअभावीं जनावरांना मरण देण्याचें काम करावें लागतें. यांतून येणाऱ्या मनःस्थितीला त्यांनीं नैतिक ताण असें नांव दिलें. चार्ल्स फिग्ली यांनीं १९९५ सालीं, इतरांच्या आघातांची सेवा करणाऱ्याला स्वतः जो आघात पोंचतो त्याविषयीं ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि ‘करुणेचा थकवा’ या अर्थाचा शब्दप्रयोग रूढ झाला. ब्रिटनमधील पशुवैद्यांत आत्महत्येचें प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या तीन ते चार पट असल्याचें तेथील अभ्यासांत दिसून आलेलें आहे. हें वाचून चर्र होतें. ‘करुणेचा थकवा’ या नांवांत मात्र थोडी गफलत आहे. त्यावरून असें वाटावें कीं, करुणा हा एक झरा असून तो उपसून आटतो. उपनगरांतल्या या माणसांकडे पाहिलें तर उलटा प्रकार दिसतो. झरा वाहतच असतो. भांडें भरतें, आणि ओतावयाला जागा नसते.

जागा नाहीं हें ज्यांना मान्यच करवत नाहीं, त्यांची कथा अधिक करुण होते. १९९९ सालीं गॅरी पॅट्रोनेक या पशुवैद्यानें आपल्या अभ्यासांत, झेपतील त्यापेक्षां फार अधिक जनावरें घरांत सांठवून ठेवणाऱ्या माणसांचें वर्णन केलें. नकार देणें जमत नाहीं म्हणून एकामागून एक जनावर आंत येतें. साफसफाई होईनाशी होते, औषधपाणी पुरत नाहीं, आणि वांचविण्यासाठीं आणलेलेच जीव त्या घरांत हाल भोगूं लागतात. शेजारी तक्रार करतात, माणसें येणें-जाणें सोडतात. बाहेरून तें घर पाहिलें तर किळस येते. पण तेथपर्यंतची वाट प्रत्येक पावलाला दयेनेंच दाखविलेली असते, हें विसरतां कामा नये.

कायद्याकडे पाहावें तर चित्र विलक्षण आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून जो प्राणी क्रौर्य प्रतिबंधक कायदा १९६० सालीं झाला, त्यांत जनावर उपासमारीच्या स्थितींत टाकून देणें हा गुन्हा ठरविलेला आहे. पहिल्या अपराधाला त्या कायद्यानें ठेवलेला दंड दहा ते पन्नास रुपये. १९६० सालीं पन्नास रुपये कांहीं कमी नव्हते. आज तेवढ्यांत अंधेरीहून आरेपर्यंत रिक्षाचें भाडेंहि सुटणार नाहीं. टाकणारा पकडला जातो तरी क्वचितच. उलट भटक्या कुत्र्यांना खाऊं घालणारी बाई रोज त्याच वेळीं, त्याच कोपऱ्यावर, भांडें घेऊन उभी दिसते. त्यामुळें सोसायटीचा सगळा राग तिच्या वाट्याला येतो. राग येणाऱ्यांचीं कारणें खोटीं आहेत असेंहि नाहीं. लहान मुलाला कुत्रें चावलें तर आईनें गप्प राहावें असें कोण म्हणेल? २०२३ च्या नियमांत कुत्र्यांना खाऊं घालण्याच्या जागा ठरवून देण्याची तरतूद केलेली आहे, पण सोसायटीच्या सभेंत ती वाचून दाखविणाऱ्याचा आवाज बहुधा मध्येंच बुडून जातो.

जीं माणसें हें काम दहा-पंधरा वर्षें करून शाबूत राहिलेलीं दिसतात, त्यांनीं कांहीं गोष्टी आपापल्या अनुभवानें ठरवून घेतलेल्या असतात. घरांत किती जनावरें ठेवावयाचीं हा आंकडा तीं आधींच ठरवितात, आणि तो भिंतीवर लिहून ठेवतात; म्हणजे नकार त्यांनीं दिलेला नसतो, भिंतीनें दिलेला असतो. दोघी-तिघी मिळून फोनची पाळी लावतात. ज्या रविवारीं पाळी नसेल त्या रविवारीं फोन पेटींत बंद राहतो, निदान तसा प्रयत्न असतो. आणि फोन करणाऱ्याला त्या आतां एक गोष्ट आवर्जून सांगतात, कीं त्या येईपर्यंत त्यानें तेथेंच थांबावें. पुष्कळ जण थांबत नाहींत. जे थांबतात, त्यांपैकीं एखादा कुत्र्याच्या शेजारीं बसून तासभर त्याच्या पाठीवर हात फिरवितो, आणि पुढच्या महिन्यांत स्वतःच पाळी मागावयास येतो.

त्या आरेच्या कुत्र्याला घर मिळतें, असें धरूं. घाटकोपरचें एक कुटुंब, शाळेंत जाणारीं दोन मुलें, गच्चीला लागून खोली. पट्टा दुसऱ्याच्या हातांत देतांना ती शिक्षिका चार सूचना करते. दुधांत पाणी घालावें, फटाक्यांच्या रात्रीं दार लावून घ्यावें. ती निघते तेव्हां कुत्रें उंबऱ्यापर्यंत येतें आणि तिच्याकडे पाहतें. आपल्याला पुन्हां टाकलें असेंच त्याला वाटत असेल, हा विचार तिला आठवडाभर सोडीत नाहीं. तीन आठवड्यांनीं ती भेटावयास जाते. कुत्रें धांवत येतें, अंगावर उड्या मारतें, हात चाटतें, आणि मग वळून नव्या घरच्या धाकट्या मुलाच्या पायाशीं जाऊन बसतें. तिला हवें होतें तें झालेलें असतें. तेथें चहा होतो, गप्पा होतात. परतीच्या मेट्रोंत ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसते, आणि साकीनाका येईपर्यंत फोन दोनदां वाजून गेलेला असतो.